गरीब मुलखातून परतताना : प्रवासवर्णन आणि उपभोगाचा प्रश्न

मराठी प्रवासवर्णनाच्या आरंभकाळाकडे पाहू लागले असता एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानात येते. या वाङ्मयप्रकारातील प्रवासी बहुधा उणिवेकडून विपुलतेकडे निघालेला असतो. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते देशाटनाच्या हौसेने नव्हे. बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार आहेत, तेथे चांगली दक्षिणा मिळेल आणि घरच्या ओढग्रस्तीला काही उतार पडेल, ही त्या प्रवासामागील प्रेरणा होती. १८८३ मध्ये लिहिलेला आणि १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ म्हणूनच एका गरीब भिक्षुकाच्या अर्थार्जनाचा वृत्तांतही आहे. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरील पुस्तक १८८९ मधले. त्यातली विपुलता केवळ धनाची नाही, ती संस्थांची, शिक्षणाची आणि स्त्रियांना मिळणाऱ्या संधींची आहे. पण दिशा तीच. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०), गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’, पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) या पुस्तकांचा स्वभाव आणि दृष्टी परस्परांहून फार वेगळी आहे. तरीही ज्याच्याकडे अधिक आहे त्याच्याकडे जाऊन आपल्याकडे काय कमी आहे हे पाहावे, ही चाल त्यांत कमीअधिक प्रमाणात आढळतेच. कन्नडमध्येही याहून निराळे घडले असे म्हणता येत नाही. गोरूर रामस्वामी अय्यंगार यांच्या ‘अमेरिकदल्लि गोरूरु’ या प्रवासवर्णनाला १९८० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ही गोष्ट त्या दृष्टीने पुरेशी बोलकी आहे.

बेंगळुरू हे नगरही मराठी वाङ्मयात प्रथम येते ते विपुलतेच्या ठिकाणाच्या रूपाने. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाने हे ठाणे जिंकल्यानंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबारी जमलेल्या कवींचे दर्शन जयराम पिंडे याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त घडते. वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये संपादून प्रसिद्ध केलेल्या या काव्यात निरनिराळ्या प्रांतांचे आणि निरनिराळ्या भाषा बोलणारे गुणीजन राजाश्रयाच्या ओढीने येथे आलेले दिसतात. भारतीय भाषांच्या अभ्यासकांना या ग्रंथाचे महत्त्व त्यातील बहुभाषिकतेमुळे वाटते, आणि ते रास्तच आहे. तथापि ही बहुभाषिकता दानाच्या आशेने एकत्र आली होती, हेही विसरून चालणार नाही. जेथे देणारा असतो तेथे भाषा गोळा होतात. साडेतीनशेहून अधिक वर्षांनंतर याच नगरात मराठी, तेलुगू, तमिळ, हिंदी, बंगाली, ओडिया बोलणारी माणसे जमली आहेत, तीही याच न्यायाने. देणारा बदलला, ओढ बदललेली नाही.

बदल झाला आहे तो दुसऱ्या एका बाबतीत. १९९१ नंतरच्या तीन दशकांत या नगरातील एका मोठ्या वर्गाच्या हाती असा पैसा आला की प्रवासाची दिशाच उलटी होऊ लागली. ज्याच्या आजोबांनी आयुष्यात पंढरपूर आणि फार तर काशी पाहिली, तो आता सुटी काढून नेपाळ, कंबोडिया किंवा पूर्व आफ्रिकेतील एखादा देश पाहून येतो. मराठी प्रवासी प्रथमच मोठ्या संख्येने आपल्याहून गरीब मुलखात केवळ पाहण्यासाठी जाऊ लागला आहे. या प्रवासातून एक नवा लेखनप्रकार उदयास आला असून त्याचा साचा एव्हाना ठरून गेला आहे. प्रवासी एका खेड्यात जातो. तेथे चार भांडी, दोन लुगडी आणि एक खाट एवढ्यावर चाललेला संसार पाहतो. मुले हसताना दिसतात, म्हातारी चहा पुढे करते. मग तो घरी परततो, कपाट उघडतो, आणि न घातलेले सदरे, न उघडलेली खोकी, एकाच्या जागी तीन असलेल्या वस्तू पाहून त्याला ओशाळल्यासारखे होते. लेख तेथे संपतो.

ही भावना खोटी आहे असे म्हणण्याचे कारण नाही. ओशाळणे ही नैतिक जाणिवेची पहिली खूण आहे आणि ज्याला ती शिवत नाही त्याच्याविषयी बोलण्यात अर्थ नाही. आक्षेप आहे तो लेख त्या जागी संपतो याला. कारण त्या जागी पोचलेल्या प्रवाशाने दोन निष्कर्षांपैकी एक मनात पक्का केलेला असतो. पहिला असा की, आपल्याजवळ फार झाले, आता थोडे कमी करावे. दुसरा असा की, त्यांच्याजवळ काही नाही तरी ते किती समाधानी आहेत! पहिल्यात आत्मपरीक्षण आहे आणि दुसऱ्यात कौतुक. पण दोहोंचाही केंद्रबिंदू प्रवासीच आहे. गरीब मुलूख हा त्याच्यापुढे धरलेला आरसा होतो, आणि आरशाला स्वतःचा इतिहास नसतो. त्या घरात चारच भांडी का, उरलेली कधी विकली, कोणत्या सावकाराकडे गेली, खाणीसाठी जमीन कोणी घेतली, हे प्रश्न आरशाला कोणी विचारत नाही. समाधानाचे कौतुक तर अधिक घातक ठरते. ज्याला निवडीची संधीच मिळाली नाही त्याच्या वाट्याला आलेल्या उणिवेला संतोषाचे नाव देणे, म्हणजे त्याच्या वतीने आपणच पावती फाडण्यासारखे आहे.

मराठीत यापेक्षा निराळी वाट दाखवणारे लेखन झालेले नाही असे नव्हे. अनिल अवचट (१९४४–२०२२) यांचे पहिले पुस्तक ‘पूर्णिया’ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याहून बिहारमधील पूर्णिया जिल्ह्यात गेलेल्या एका तरुण डॉक्टराने तेथील दारिद्र्य पाहिले; परंतु ते पाहून स्वतःच्या सुखवस्तूपणाबद्दल हळहळण्यात त्याने पाने खर्ची घातली नाहीत. जमीन कोणाच्या ताब्यात आहे, मजुरी कशी ठरते, माणूस माणसाचा बांधील कसा होतो, याचा त्याने शोध घेतला. दारिद्र्य ही अवस्था नसून व्यवहार आहे, हे त्या छोट्या पुस्तकाने मराठी वाचकाला सांगितले. मराठी माणसाला बिहार हा त्या वेळी परदेशाइतकाच दूरचा होता. तेव्हा ‘गरीब देशाचे प्रवासवर्णन’ या वर्गात ‘पूर्णिया’ची गणना करण्यास हरकत नसावी.

दुसरे उदाहरण वाङ्मयाचे नाही, आचरणाचे आहे. गागोद्याच्या विनोबा भावे यांनी १९६२ च्या सप्टेंबरात आसामातून परतताना पूर्व पाकिस्तानातून पदयात्रा केली. फाळणीने आणि दारिद्र्याने पोळलेल्या त्या प्रदेशात भारतातून गेलेला हा प्रवासी काही वाटायला गेला नव्हता. मागायला गेला होता. भूदानाची जी मागणी त्याने १९५१ मध्ये पोचमपल्लीपासून आपल्या देशात चालवली होती तीच परक्या देशात केली, आणि तेथेही त्याला भूमिहीनांसाठी जमीन मिळाली. भूदानाच्या यशापयशाची चर्चा येथे प्रस्तुत नाही. त्या चळवळीत मिळालेली बरीच जमीन नापीक निघाली आणि बरीच वाटलीच गेली नाही, हे सर्वविदित आहे. प्रस्तुत मुद्दा असा की, गरीब मुलखाकडे पाहण्याची ही रीत मूलतः भिन्न आहे. दयेच्या दृष्टीला गरीब हा केवळ घेणारा दिसतो. विनोबांना तो देऊ शकणारा, म्हणजेच निर्णय करू शकणारा, दिसला. जो देऊ शकतो त्याच्याशीच बरोबरीने बोलता येते.

या प्रश्नाची एक भाषिक बाजूही आहे आणि तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. वस्तूंच्या अतिरिक्त उपभोगावर उभ्या असलेल्या जीवनपद्धतीला मराठीने ‘चंगळवाद’ हा शब्द दिला. ‘उपभोगवाद’ हा त्याचा सोवळा भाऊ पुस्तकात राहिला. लोकांच्या तोंडी आणि वर्तमानपत्रांत रुळला तो ‘चंगळवाद’च. चंगळ म्हणजे मौज, खाण्यापिण्याची रेलचेल. या शब्दात ठसका आहे, उपहास आहे. पण त्याने दोष नेमका कोठे ठेवला? मौज करणाऱ्याच्या ठायी. कन्नडमध्ये याच अर्थाने ‘कोळ्ळुबाक संस्कृती’ असा प्रयोग रूढ आहे. ‘कोळ्ळु’ म्हणजे विकत घेणे, आणि ‘होट्टेबाक’ म्हणजे खादाड. त्या धर्तीवर ‘कोळ्ळुबाक’ म्हणजे खरेदीचा खादाड, ज्याचे घेऊन घेऊन पोट भरत नाही तो. मराठी शब्द उपभोगाच्या आनंदावर बोट ठेवतो. कन्नड शब्द घेण्याच्या न शमणाऱ्या क्रियेवर. या दोहोंत कन्नड शब्द अधिक अचूक वाटतो. आधुनिक ग्राहक वस्तूचा आनंद फारसा घेतच नाही; तो ती घेतो, ठेवतो आणि पुढची घेतो. चंगळ करायला सवड लागते आणि सोबत लागते. बंद खोक्यांनी भरलेल्या कपाटात चंगळ कसली?

‘चंगळवाद’ या शब्दाने आणखी एक अनर्थ घडवला आहे. चंगळ हा मुळात गरिबाघरचा शब्द. सुगी झाल्यावर, जत्रेत, लग्नात एखाददुसरा दिवस जी चंगळ व्हायची, ती वर्षभराच्या कष्टाची हक्काची भरपाई असे. त्या शब्दाला ‘वाद’ जोडून त्याचे निंदावाचक नाम झाल्यावर त्याचा मारा फिरून गरिबावरच होऊ लागला. मोलकरणीच्या हाती नवा मोबाईल दिसला, बांधकामावरच्या मजुराच्या पोराने रंगीत बूट घातले, की ‘यांच्यातही चंगळवाद शिरला’ असे म्हणणारी माणसे बहुधा तीन कपाटांची धनी असतात. गरीब मुलखाच्या प्रवासातून परतलेल्या लेखकाने साधेपणाचे गोडवे गावेत, आणि आपल्या दारच्या गरिबाने साधेपणा सोडल्याबद्दल नापसंतीही दर्शवावी, ही विसंगती शब्दाच्या निवडीतच दडलेली आहे.

उपभोगाविषयीचा वाद बेंगळुरूला नवा नाही. १९२७ च्या उन्हाळ्यात प्रकृती बिघडल्यामुळे गांधीजी नंदी डोंगरावर आणि नंतर या शहरात विश्रांतीसाठी राहिले, आणि त्या वर्षीच येथे खादीचे प्रदर्शन भरले. खादीचा विचार हा केवळ वस्त्राचा नव्हता. आपण जे वापरतो ते कोणी केले आणि त्याला काय मिळाले, हे वापरणाऱ्याने जाणून घ्यावे, असा तो आग्रह होता. पुढे १९९५ मध्ये ब्रिगेड रोडवर अमेरिकन कोंबडीचे पहिले दुकान उघडले, तेव्हा प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी यांच्या कर्नाटक राज्य रयत संघाने त्याला विरोध केला. १९९६ च्या जानेवारीत त्या दुकानाची मोडतोडही झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात येथे भरलेल्या विश्वसुंदरी स्पर्धेच्या वेळी मोठे आंदोलन झाले. मोडतोडीचे समर्थन करण्याची गरज नाही. परंतु याच नंजुंडस्वामींच्या पुढाकाराने १९९९ च्या मे-जूनमध्ये शेकडो भारतीय शेतकरी युरोपात गेले, ही घटना प्रवासवाङ्मयाच्या अभ्यासकांनी दुर्लक्षिली आहे. गरीब मुलखातील माणसे श्रीमंत मुलूख पाहायला गेली ती थक्क होण्यासाठी नव्हे. तुमच्या बाजाराचे नियम आमच्या शेतापर्यंत कसे पोचतात, हे सांगण्यासाठी ती गेली होती. गोडसे भटजींपासून चालत आलेली दिशा तीच होती, हेतू मात्र पूर्णतः उलटा होता. या प्रवासाने भारतीय भाषांतील प्रवासवर्णनाच्या परंपरेत आपली जागा घेतलेली दिसत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

मग आजच्या प्रवाशाने लिहावे तरी काय? त्याचे उत्तर त्याच्या अंगावरच्या सदऱ्यात आहे. बेंगळुरूच्या पीण्य परिसरात, म्हैसूर रस्त्यावर आणि शहराच्या इतर कडांना तयार कपड्यांचे कारखाने आहेत. तेथे राबणाऱ्या लाखो कामगारांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ जणी खेड्यांतून आलेल्या आहेत. १८ आणि १९ एप्रिल २०१६ रोजी या स्त्रिया हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरल्या. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाच्या वाट्याची रक्कम वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा नवा नियम झाला होता. कोणत्याही मोठ्या संघटनेच्या आदेशावाचून झालेल्या त्या आंदोलनानंतर केंद्र सरकारला नियम मागे घ्यावा लागला. या स्त्रियांनी शिवलेले कपडे समुद्रापार जातात, तेथे थोडे दिवस वापरले जातात आणि टाकले जातात. टाकलेल्या कपड्यांचे गठ्ठे पुन्हा जहाजात चढतात आणि गरीब देशांत उतरतात. घाना देशाच्या आक्रा शहरातील कांतामांतो बाजार हा अशा जुन्या कपड्यांच्या जगातील मोठ्या बाजारांपैकी एक. जानेवारी २०२५ च्या आरंभी लागलेल्या आगीत त्याचा फार मोठा भाग जळाला. तेथील अकान भाषेत या कपड्यांना ‘ओब्रोनी वावू’ म्हणतात. अर्थ असा की, मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. जिवंत माणूस इतके चांगले कपडे टाकून देईल, हे त्या भाषेला पटेना, म्हणून तिने देणाऱ्याला मृत कल्पिले. उपभोगाच्या अतिरेकावर याहून नेमके भाष्य कोणत्या प्रवासवर्णनात सापडेल? गठ्ठ्यातील न विकले जाणारे कपडे गटारांत आणि समुद्रकाठी जाऊन पडतात. बेंगळुरूहून आक्रेस गेलेल्या प्रवाशाला तेथील वाळूत आपल्याच शहरात शिवलेला सदरा सापडणे अशक्य नाही. अशा वेळी ‘त्यांच्याजवळ किती थोडे आहे’ हे वाक्य त्याच्या लेखणीतून उतरू नये. त्यांच्याजवळ फार आहे. ते इतरांनी टाकलेले आहे.

याच न्यायाने पाहू गेल्यास गरीब देश पाहण्यासाठी समुद्र ओलांडण्याचीही आवश्यकता उरत नाही. मराठीत ‘देश’ या शब्दाला राष्ट्र हा अर्थ पुढे आला. घाटमाथ्यावरचा मुलूख हा त्याचा जुना अर्थ अजूनही जिवंत आहे. त्या जुन्या अर्थाने बेंगळुरूभोवती अनेक गरीब देश पसरलेले आहेत. शहराच्या ईशान्येस असलेल्या मंडूर गावात वर्षानुवर्षे शहराचा कचरा टाकला गेला. पाणी नासले, माशा आणि दुर्गंधी यांनी जगणे असह्य झाले, तेव्हा गावकरी रस्त्यावर आले आणि डिसेंबर २०१४ पासून तेथे कचरा टाकणे थांबवावे लागले. त्याआधी २०१२ मध्ये मावळ्ळीपुरा गावाने हेच केले होते. मंडूरच्या रहिवाशांना शहराच्या उपभोगाची यादी तोंडपाठ असणार, कारण ती रोज त्यांच्या दारात रिकामी होत होती. शहरातील माणसाने गरीब देशात जाऊन आपल्या अतिरेकाचा साक्षात्कार घडण्याची वाट पाहिली. त्याचा अतिरेक मात्र त्याच्याही आधी प्रवासाला निघून तेथे पोचला होता. कचऱ्याचे हे प्रवासवर्णन अद्याप कोणी लिहिलेले नाही.

पाण्याचेही तसेच. सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून, तोरेकाडनहळ्ळीच्या केंद्रातून कावेरीचे पाणी जवळजवळ पाचशे मीटर उंच चढवून या शहरात आणले जाते. १९७४ मध्ये या योजनेचा पहिला टप्पा पुरा झाला आणि १६ ऑक्टोबर २०२४ रोजी पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले. या दोन तारखांच्या मध्ये शहराने आपली तळी बुजवली किंवा नासवली. बेळ्ळंदूर तळ्यावर फेस आला आणि २०१७ व २०१८ मध्ये त्यावर आगीही भडकल्या. २०२४ च्या मार्चमध्ये, सुमारे चौदा हजार सरकारी कूपनलिकांपैकी जवळजवळ निम्म्या कोरड्या पडल्यावर, पिण्याच्या पाण्याने मोटारी धुण्यास बंदी करून पाच हजार रुपये दंड ठेवावा लागला. त्या उन्हाळ्यात उंच इमारतींतल्या लोकांनी टँकरची वाट पाहिली. मराठवाड्यातील गावांना टँकरची वाट पाहणे नवे नाही. लातूरला तर २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. विपुलता आणि उणीव यांत अंतर किती असते याचे उत्तर त्या उन्हाळ्याने दिले. एका नळाचे.

कर्नाटकातील प्रादेशिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्या डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ च्या अहवालात १७५ पैकी ११४ तालुके मागास ठरवले. त्यांतील ३९ अतिमागास असून त्यांत उत्तर कर्नाटकातील तालुक्यांचे प्रमाण फार मोठे होते. २०१२ च्या घटनादुरुस्तीने हैदराबाद-कर्नाटकासाठी ३७१ (ज) हे कलम आले. १९५६ पर्यंत हा प्रदेश आणि मराठवाडा निजामाच्या एकाच संस्थानी वारशाचे वाटेकरी होते. त्यांच्या दारिद्र्याची मुळे पुष्कळशी सामाईक आहेत. यादगीर-रायचूरकडची कुटुंबे बेंगळुरूच्या बांधकामांवर येतात, पत्र्याच्या झोपड्यांत राहतात, इमारत उभी राहिली की पुढच्या जागी जातात. मराठवाड्यातून ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांची कथा याहून वेगळी नाही. ही माणसेही प्रवासी आहेत, आणि त्यांचा प्रवास पर्यटकाच्या प्रवासापेक्षा अधिक लांबीचा आहे. फरक एवढाच की त्यांना परतल्यावर उघडायला कपाट नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, साहित्य म्हणजे हिशेबाची वही नव्हे. प्रवासवर्णनाचे काम अनुभव देण्याचे आहे, पुरवठ्याच्या साखळ्या उलगडण्याचे नाही. आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु मराठी प्रवासवर्णनाच्या आद्य पुरुषानेच तो निकालात काढलेला आहे. गोडसे भटजींना कोठे काय दक्षिणा मिळाली, शिपायांनी काय लुबाडले, आणि शेवटी गंगेच्या कावडीखेरीज हाती फारसे काय उरले, हे सारे ‘माझा प्रवास’मध्ये नमूद आहे, आणि त्यामुळे त्या ग्रंथाचे वाङ्मयीन मूल्य उणावले असे कोणी म्हटलेले नाही. उलट झाशीचा संहार आणि खिशातील मोहोर एकाच शैलीत सांगितली गेल्यामुळेच ते लेखन विश्वासार्ह ठरले. हिशेब अनुभवाला मारत नाही. त्याला जमिनीवर आणतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपल्या परंपरेत काटकसर होती, पुनर्वापर होता; तिकडे परत गेले की पुरे, असे म्हणणारा मोठा वर्ग आहे. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, फाटक्या लुगड्यांची गोधडी, तीच उत्तर कर्नाटकात ‘कौदी’ या नावाने शिवली जाते, ही सारी उदाहरणे या संदर्भात दिली जातात. त्यांत तथ्य आहे. पण गोधडी ही गरजेपोटी शिवली गेली आणि ती शिवणाऱ्या हातांना विश्रांती नव्हती, हे सांगितल्यावाचून तिचा गौरव करणे म्हणजे पुन्हा आरसाच पुढे धरणे होय. आज याच गोधड्या मोठ्या शहरांच्या दुकानांत शोभेची वस्तू म्हणून चढ्या किमतीला विकल्या जातात. साधेपणाही विकत घेण्याची वस्तू झाला आहे. पुनर्वापराची परंपरा खऱ्या अर्थाने चालवत असतील तर ते कचरावेचक. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायती’ने आणि बेंगळुरूत ‘हसिरु दळ’ने त्यांना ओळखपत्र आणि कामाचा दर्जा मिळवून देण्यासाठी प्रयत्न केले. त्यांच्या संघटनेचे ते मराठी नाव वाचले तरी पुरे : प्रथम वस्तू, मग कष्ट, मग पंचायत. चंगळवादाच्या चर्चेला जे साधले नाही ते या चार-पाच शब्दांना साधले आहे.

शेवटी एका जुन्या कथेचे स्मरण उचित ठरेल. बाराव्या शतकात कल्याण नगरीत आयदक्की मारय्या नावाचा शरण बसवेश्वरांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून दासोह चालवीत असे. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले. त्याची पत्नी लक्कम्मा हिने ते पाहून त्याला विचारले, की ही हाव कोठून आली. आणि जास्तीचे तांदूळ जेथून आणले तेथे परत टाकून येण्यास सांगितले. ही कथा समाधानी दरिद्री स्त्रीची म्हणून सांगितली जाते. ते वाचन चुकीचे आहे. लक्कम्मेला किती पुरेसे आहे याचे माप ठाऊक होते, जास्तीचे कोठून आले हे तिने विचारले, आणि ते जेथले तेथे परत जावे असा निर्णय तिने घेतला. प्रवाशाला जे उमगायला हवे ते या तीन कृतींत सामावले आहे. ज्या भूमीत ही कथा घडली तिला २०१९ मध्ये ‘कल्याण कर्नाटक’ असे नाव मिळाले, आणि राज्यातील सर्वांत मागास तालुक्यांपैकी अनेक याच भूमीत आहेत. त्या मुलखातून बेंगळुरूला परतणाऱ्या प्रवाशाने आपले कपाट जरूर उघडावे. त्यातील जास्तीचे दान करून मोकळे होण्यापूर्वी मात्र लक्कम्मेचा प्रश्न स्वतःला विचारावा : हे आले कोठून?